गुरुवार, चार ते सात

आल्गोट ब्रेनस्त्रोमने स्वीडनमधल्या सुंड्सवालच्या बंदरावर छत्तीस वर्षं क्रेन चालवली. वारा कितीही सुटला तरी लाकडाचा ओंडका जहाजावर उतरवताना त्याचा हात कधी हलला नाही. पण मार्चमधल्या एका गुरुवारी, आपल्याच इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीतल्या फलकावर चिठ्ठी लावताना तो हात असा थरथरला की टाचणी अंगठ्यात गेली.

चिठ्ठी डाव्या हाताने लिहिलेली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. ‘एका माणसाचा प्रश्न,’ अशी सुरुवात होती आणि पुढे कंसात, ‘तो या इमारतीत राहत नाही.’ आता जो इमारतीत राहत नाही तो कुलूपबंद तळघरात शिरला कसा, हे आल्गोटला सुचलं नाही. घाबरलेल्या माणसाला सगळं कुठे सुचतं? पुढचा मजकूर असा होता: ‘वय अडुसष्ट. प्रकृती ठणठणीत. मैत्रीण आहे, तीही ठणठणीत. पण ऐन वेळी ताठरता येत नाही, आलीच तर टिकत नाही. यावर काही उपाय आहे, की या वयात हे असंच चालायचं? कुणाला माहीत असल्यास खाली लिहावे. तोंडी चर्चा नको.’

असा प्रश्न धुण्याच्या खोलीत कुणी विचारतं का, असं ज्याला वाटेल त्याला त्या इमारतीची रीत माहीत नाही. अठरा घरांची सोसायटी. जिन्यात गाठ पडली की लोक बर्फाबद्दल बोलायचे, आणि मनात जे काही असेल ते तळघरातल्या फलकावर लिहायचे, अर्थात बिननावी. ‘वरच्या मजल्यावर जो कुणी ट्रॉम्बोन शिकतो आहे, त्याने एकतर शिकणं थांबवावं किंवा शिकून संपवावं.’ ‘माझा निळा मोजा ज्याने नेला त्याला दुसराही लखलाभ होवो, तो मशीनवर ठेवला आहे.’ निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या मात्र लाल बॉलपेनच्या असत आणि त्यांचा विषय एकच, ड्रायरच्या जाळीत अडकणारी कपड्यांची लव. ‘जाळी साफ करा. की तुमची आई येणार आहे करायला?’ या चिठ्ठ्या तळमजल्यावरची सिगब्रित ओकेरलुंड लिहिते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण चिठ्ठीवर नाव नाही म्हटल्यावर तिला तसं म्हणायचं कुणी?

चिठ्ठ्यांच्या फलकाशेजारी वेळांचा फलक होता. दर घराचं नंबर घातलेलं एक छोटं कुलूप. ते हव्या त्या वाराच्या, हव्या त्या वेळेच्या भोकात बसवायचं, की ते तीन तास खोली तुमची. दुसऱ्याच्या वेळेत आत पाऊल टाकणं म्हणजे चोरीच्या खालोखाल गुन्हा. आल्गोटचं नऊ नंबरचं कुलूप बारा वर्षं गुरुवारी चार ते सातच्या भोकातून हललं नव्हतं. त्या वेळेत आपल्याशिवाय इथे चिटपाखरू फिरकत नाही, म्हणूनच त्याला ती जागा गुपितासाठी अगदी सुरक्षित वाटली.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी आरोग्य केंद्रात फोन करायचा आणि काय होतंय ते नर्सला सांगायचं. फोनवर असायची सोल्वेग, सोसायटीचा अध्यक्ष टागे नीक्विस्त याची बायको, राहणार तिसरा मजला. ते शक्यच नव्हतं. इंटरनेटवर त्याने एकदा शोधून पाहिलं, तर त्याच्या फोनवर गोळ्यांच्या जाहिराती यायला लागल्या. वियोलाला बगळ्याचा फोटो दाखवायला म्हणून त्याने फोन पुढे केला आणि बगळ्याच्या जागी जाहिरातीतला उधळलेला काळा घोडा आला.

“घोडा घेतोयस की काय?” वियोलाने विचारलं.

“बघत होतो,” आल्गोट म्हणाला, आणि मग त्याला अर्धा तास घोड्यांबद्दल बोलावं लागलं.

वियोला सांडेल दुसऱ्या मजल्यावर राहायची. वय सहासष्ट, जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलेलं, हसायला लागली की आवाज जिन्यातून वरपर्यंत जायचा. आल्गोटची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आपलं आता काय उरलंय, असं म्हणत तो एकट्याचे बटाटे उकडत होता, तेवढ्यात गेल्या शरदात या बाईने त्याच्या दारात येऊन विचारलं, की क्रेन चालवणाऱ्या माणसाला शिडी धरता येते का. शिडीवरून कॉफी, कॉफीवरून फिरायला जाणं, आणि फिरायला जाण्यावरून प्रेम. होय, प्रेमच. ते त्या वयात झालं म्हणून त्याला दुसरा शब्द शोधायचं काही कारण नाही.

जानेवारीत एका दुपारी, बाहेर बर्फ काढायची गाडी घरघरत असताना, ते जमलं नाही. “काही बिघडत नाही,” वियोला म्हणाली आणि कॉफी ठेवायला उठली. तिला म्हणायचं होतं की काही बिघडत नाही. पण आल्गोटला त्यात ऐकू आलं की सगळंच बिघडलं आहे. फेब्रुवारीत पुन्हा तेच. बंदरावरचा नियम असा होता की क्रेन दोनदा अडकली की तिच्यावर ‘बंद आहे’ अशी पाटी लावायची आणि माणसं दूर ठेवायची. आल्गोटने स्वतःलाही तोच नियम लावला. वियोलाने तिच्या तळ्याकाठच्या, सुट्टीत राहायच्या झोपडीवर दोन दिवस जाऊ या म्हटलं, तर याला सर्दी झाली. त्या झोपडीत पलंग एकच आहे, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता तो खाली गेला तर चिठ्ठीखाली लाल बॉलपेनने उत्तर होतं.

‘जो या इमारतीत राहत नाही त्याला. एक: हे फार जणांना होतं, साठीनंतर तर सर्रास. आपण जगावेगळे आहोत असं समजू नये. दोन: वय झालं म्हणून सोडून देऊ नये. रक्तदाब, साखर, हृदय आणि चालू असलेली औषधं तपासून घ्यावीत. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, त्यामुळे बिघाड पुष्कळदा आधी तिथे दिसतो आणि नंतर छातीत. तीन: इंटरनेटवरून गोळ्या मागवू नयेत. डॉक्टरला न विचारता घेतलेली गोळी हृदयाच्या औषधाबरोबर जिवावर बेतू शकते. चार: मैत्रिणीला सांगावं. जे झालं नाही ते तिने पाहिलेलं आहेच. पाच: ड्रायरची जाळी साफ न करता गेलात.’

आल्गोटने ते तीनदा वाचलं. सिगब्रित मूत्ररोग विभागात एकतीस वर्षं नर्स होती हे तो विसरूनच गेला होता. त्याच्या लेखी ती फक्त लव होती. पाचवा मुद्दा त्याने मनावर घेतला नाही, कारण तो सिगब्रित सगळ्यांनाच ऐकवायची.

आणि मग बांधच फुटला. रविवारनंतर एक नवीन चिठ्ठी लागली: ‘अठ्ठावीस वर्षांच्या एका माणसाचं फार लवकर आटोपतं. खरं म्हणजे किती मिनिटं टिकायला हवं?’ खाली लाल अक्षरात: ‘घड्याळ काढून ठेवण्यापासून सुरुवात करावी. ही तक्रार अगदी नेहमीची आहे, तिच्यावर उपाय आहेत, दवाखान्यात विचारावं. सिनेमातल्यांशी बरोबरी करू नये, त्यांना थांबून परत शूटिंग करता येतं.’ मग एका शनिवारी कुणी लांबीचा प्रश्न विचारला, तोही मिलिमीटरमध्ये. ‘मोजून घाबरलेले जवळजवळ सगळे पुरुष सर्वसाधारण मापाचे असतात,’ सिगब्रितने लिहिलं. ‘पट्टी जिथून आणली तिथे धुऊन परत ठेवावी.’

अध्यक्ष टागे नीक्विस्तला हा प्रकार पसंत पडला नाही. त्याने छापील सूचना लावली, की फलकाचा वापर केवळ धुण्यासंबंधीच्या मजकुरासाठी करावा, नियम सात, पोटनियम दोन. तीन दिवसांनी त्याच छापील अक्षरात एक प्रश्न आला. ‘(१) रात्री तीन वेळा लघवीस उठावे लागते. (२) धार पूर्वीसारखी नाही. (३) कलम १ व २ यांचा परस्परसंबंध काय?’ सिगब्रितने उत्तर दिलं, ‘(१) आणि (२) बहुधा प्रोस्टेट वाढल्यामुळे, पण “बहुधा” म्हणून घरी बसू नये, तपासून घ्यावं, लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी. (३) संध्याकाळी कॉफी बंद. (४) हा मजकूर धुण्यासंबंधी नाही, तरी चालवून घेतला आहे.’

इमारतीतले पुरुष कधी नव्हे ते धुण्याचे हौशी झाले. इस्त्रीचे शर्ट पुन्हा धुतले जायला लागले. जिन्यात मात्र सगळे पूर्वीसारखेच बर्फाबद्दल बोलत, आणि बर्फ वितळल्यावर चिखलाबद्दल.

एप्रिलच्या सुरुवातीला आल्गोटने मन घट्ट केलं आणि फोन लावला.

“आल्गोट ब्रेनस्त्रोम बोलतोय. जरा खासगी...”

“आलं लक्षात,” सोल्वेग म्हणाली. “मंगळवारी नऊ वीस. डॉक्टर पुरुष हवा की बाई चालेल?”

“पण मी अजून सांगितलंच नाही कशासाठी ते.”

“नको सांगूस. रक्तदाब, साखर, सगळं लिहून ठेवलंय. बरं झालं बाई, केलास एकदाचा फोन.”

काय हुशार नर्स आहे, आल्गोटला वाटलं.

डॉक्टर निघाली त्याच्या पुतणीच्या वयाची. रक्तदाब बघून तिने भुवई वर केली आणि म्हणाली, हे असंच दोन-चार वर्षं राहिलं असतं तर मी तुला वेगळ्या खोलीत, वेगळ्या कारणासाठी भेटले असते. मग ती रक्ताच्या दाबाबद्दल समजावायला लागली. पण क्रेनमधलं तेल आणि दाब हा आल्गोटचा हातखंडा विषय. पाचव्या मिनिटाला तोच तिला सांगत होता की पंप ठीक असला तरी नळीत गाळ बसला तर हात वर उचलत नाही. “अगदी तेच,” डॉक्टर म्हणाली आणि तिने रक्तदाबाची गोळी दिली. तीन आठवड्यांनी दाब उतरल्यावर हृदय तपासून दुसरी गोळीही दिली, कशी आणि कधी घ्यायची ते नीट सांगून. “ती घेतली की आपोआप होईल असं समजू नकोस. मन पण लागतं. मैत्रिणीशी बोललास?”

“बोलतो,” आल्गोट म्हणाला.

तो बोलला नाही. दोन्ही गोळ्या वेळेवर आणल्या, खारवलेलं डुकराचं मांस सोडलं, रोज तासभर चालायला लागला, सांगितलं ते सगळं केलं. फक्त सिगब्रितचा चौथा मुद्दा घशाखाली उतरेना. वियोलासमोर बसलं की तो चिखलाबद्दल बोलायला लागायचा. तिने परत झोपडीचं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “गुडघा धरलाय.”

वियोलाने हातातली कॉफी खाली ठेवली. “आत्ता दोन-दोन पायऱ्या चढून आलास तू. आधी सर्दी, मग गुडघा. पुढच्या महिन्यात काय, दात? हे बघ आल्गोट, मेच्या दुसऱ्या शुक्रवारी मी झोपडी उघडायला जाणार, छपराला डांबर मारायचंय. यायचं तर ये. यायचं नसेल तर तसं सांग. मी रडणार नाही, बहिणीला घेऊन जाईन. आणि परत विचारणारही नाही. पण माझ्याशी खोटं बोलू नकोस.”

ती हसत नव्हती. त्या दिवशी आल्गोट घरी येऊन बूट न काढता तसाच खुर्चीत बसून राहिला. हिला गमावलं तर पुन्हा ते एकट्याचे बटाटे, हे त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी तोंड उघडण्यापेक्षा क्रेनवरून उडी मारणं त्याला सोपं वाटत होतं.

दुसरा शुक्रवार उजाडला. सकाळी कपाट लावताना त्याच्या लक्षात आलं की कालच्या धुण्यातला एक मोजा कमी आहे. खाली जावं तर शुक्रवारी सकाळी सिगब्रितची वेळ. तो दारातच थांबला आणि हळूच दार वाजवलं.

“एक मोजा फक्त. आत येत नाही.”

“ये आत,” सिगब्रित म्हणाली. ती चादरीच्या घड्या घालत होती. मोजा फलकावर टाचणीने टांगलेला होता. तो काढायला आल्गोट पुढे झाला आणि शेजारची चिठ्ठी त्याच्या नजरेला पडली. काल सात वाजता तो गेला तेव्हा ती तिथे नव्हती.

‘ज्याच्याशी मैत्री आहे तो माणूस काही बोलतच नसेल तर दुसऱ्याने काय समजायचं?’ लिहिलं होतं. ‘मला त्या गोष्टीचं काही वाटत नाही. माणूस हवा आहे. पण तो सारखा बहाणे करतो, आणि आपण नकोसे झालो असं वाटायला लागतं. थांबावं की निघून जावं?’ खाली लाल शाई अजून ओली दिसत होती. ‘दोनदा विचारलं असेल तर पुरे. तिसऱ्यांदा बहिणीला न्यावं.’

अरेरे, आल्गोटला वाटलं. आहे कुणीतरी बिचारा. त्याने मोजा खिशात घातला. मग ‘बहिणीला’ या शब्दावर त्याची नजर परत गेली.

काल सातला चिठ्ठी नव्हती. आज सकाळी आहे. मधल्या वेळेत खोली कुणाची होती? त्याने मान वळवून वेळांच्या फलकाकडे पाहिलं. गुरुवार, चार ते सात, नऊ नंबर, तो स्वतः. गुरुवार, सात ते दहा, चौदा नंबर. वियोला.

आपण नकोसे झालो, असं वियोलाला वाटत होतं. त्या वियोलाला! चार महिने तो आपल्याच लाजेची उस्तवार करत बसला होता आणि तिच्या जिवाला काय होत असेल हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

आणि मग, तिचं कुलूप पाहता पाहता, दुसरी गोष्ट त्याला कळली आणि त्याचे कान तापले. तिचं कळतं, तर माझंही कळतं. रविवारची चिठ्ठी? रविवारी चौथ्या मजल्यावरच्या मेल्केरचं कुलूप. मिलिमीटरवाली शनिवारची... अरे देवा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा तो! कुलपं वर्षानुवर्षं एकेका भोकात बसलेली, आणि प्रत्येक शहाण्याने चोख आपल्याच वेळेत आपली बिननावी चिठ्ठी लावलेली.

“सगळ्यांना माहीत आहे?” त्याने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” सिगब्रित म्हणाली. “एकतीस वर्षांत मी कुणाचं नाव कुणाला सांगितलं नाही. तुम्ही मात्र शेजारी नंबर ठेवून चिठ्ठी लावता.”

“मग कुणी काही बोललं कसं नाही?”

“तूच लिहिलं होतंस ना, तोंडी चर्चा नको?” तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, मग तेच काढून घेतलं. “आणि इथे उभा काय राहिलास? दहाला निघतेय ती.”

दहाला सात मिनिटं कमी होती. तळघराच्या पायऱ्या आल्गोट तीन-तीन करून चढला. अंगणात वियोलाची गाडी उभी होती, मागे डांबराचे डबे, ब्रश, शिडी बांधलेली. ती चालवायच्या जागेवर बसून आरशात बघत होती.

त्याने काच वाजवली. काच खाली आली.

“मी ती चिठ्ठी लिहिली,” तो धापा टाकत म्हणाला. “मार्चमधली.”

“मला माहीत आहे. तुझ्या मागून माझीच वेळ असते. सिगब्रितच्या आधी मी वाचली ती.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तू इमारतीतच राहत नव्हतास.”

आल्गोटला हसावं की रडावं ते कळेना, आणि थोडं दोन्ही झालं. मग गाडीच्या खिडकीत वाकून, अंगणात टागे नीक्विस्त झाडू मारत असताना, त्याने सगळं सांगितलं. मला लाज वाटत होती. डॉक्टरकडे गेलो. दाब वाढला होता, आता उतरलाय. गोळी मिळाली आहे, जमेल की नाही माहीत नाही. तू नकोशी नाहीस. मला तूच हवीस, आणि सर्दी-गुडघा सगळं खोटं होतं. एवढी वाक्यं त्याने उभ्या जन्मात एका दमात बोलली नव्हती. टागे तेवढा वेळ एकाच पानावर झाडू मारत राहिला.

वियोलाने बाजूचं दार आतून उघडलं. “बस. बहिणीला फोन करते, छपरावर तिला नाहीतरी भोवळ येते.”

“कपडे घेऊन येतो.”

“मोजा आहे ना खिशात? बास झालं.”

झोपडीत काय झालं ते सांगायला नको होतं, पण सांगतो. पहिल्या दिवशी काही झालं नाही, आणि दोघं डांबराच्या वासात हसत झोपले. दुसऱ्या दिवशीचं त्या दोघांचं त्यांच्यापाशी. त्याबद्दल फलकावर कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी, कुणाचीच वेळ नसताना, आल्गोट तळघरात उतरला तर फलकावर लाल चिठ्ठी होती. ‘नऊ नंबर. गुरुवारी पुन्हा जाळी साफ न करता गेलात. परिस्थिती लक्षात घेता माफ. एकदाच.’

त्याने जाळी काढली, ती आधीच स्वच्छ होती तरी पुन्हा साफ केली. मग खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीखाली उजव्या हाताने लिहिलं, ‘जाळी साफ केली. चौथा मुद्दाही केला. आभार.’ आणि मग त्या फलकावर आजवर कुणी केलं नव्हतं ते त्याने केलं. खाली आपलं नाव लिहिलं.